प्रयोग ठरण्याआधीच गाठ पडावी: जैवसुरक्षा सल्लागाराचं काम, पायरीपायरीने

शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो. "मॅडम, पार्सल सहारला कस्टममध्ये अडकलंय. ते आयबीएससीचं पत्र मागतायत." पार्सलमध्ये परदेशातून मागवलेली, जनुकीय बदल केलेली सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, असते. डब्यातला ड्राय आइस दोन-तीन दिवस पुरेल एवढाच, आणि आयबीएससीची, म्हणजे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, पुढची मिटिंग तीन आठवड्यांनी. फोन करणाऱ्या पीएचडीच्या मुलीने काही लपवलेलं नसतं. ऑर्डर देण्याआधी कुणाला विचारावं लागतं, हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं.

पुण्यात संशोधन संस्था आणि छोट्या बायोटेक कंपन्यांसाठी जैवसुरक्षा आणि परवानग्यांचं काम करताना असे फोन मी पुष्कळ घेतले. एम.एस्सी. किंवा पीएचडीनंतर या कामाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. काम नीट चाललंय का, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते: संशोधक प्रयोग आखतानाच तुमच्याकडे येतो, की सगळं अडकल्यावर? पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याने आधी यावं यासाठी आहेत.

पायरी १: कायदे पाठ करू नका, पाच प्रश्न पाठ करा

कायद्यांची यादी लांबलचक आहे आणि ती बदलत राहते. त्याऐवजी प्रत्येक प्रकल्पाला पाच प्रश्न विचारा. जीव कोणता? त्यात बदल काय केला? तो कुठून आला आणि कुठे जाणार? माणसाचा किंवा प्राण्याचा संबंध आहे का? काम संपल्यावर जे उरेल ते कुठे टाकणार? या उत्तरांवरून कुठला कायदा लागू होतो ते समजतं.

पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ १९८९च्या नियमांत आहे. पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ या कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव व पेशी यांचं उत्पादन, वापर, आयात, निर्यात आणि साठवण यांविषयीचे नियम निघाले. लॅबमध्ये सगळे त्यांना 'एटीनाइनचे रूल्स' म्हणतात. त्यांतून समित्यांची उतरंड तयार झाली. संस्थेच्या पातळीवर आयबीएससी, म्हणजे संस्थात्मक जैवसुरक्षा समिती. तिच्या वर जैवतंत्रज्ञान विभागातली, म्हणजे डीबीटीतली आरसीजीएम, ही जनुकीय बदलांच्या संशोधनाचा आढावा घेणारी समिती. आणि जीव बंदिस्त जागेतून बाहेर पर्यावरणात जाणार असेल, तर पर्यावरण मंत्रालयातली जीईएसी, ही जनुकीय बदल केलेल्या जीवांची तपासणी करणारी समिती. मार्च २००२मध्ये बीटी कापसाला लागवडीची मंजुरी दिली ती याच जीईएसीने. राज्य आणि जिल्हा पातळीवरच्या समित्याही नियमांत आहेत. पण संशोधकांचं रोजचं काम आयबीएससी आणि आरसीजीएम यांच्याशीच पडतं.

प्रत्यक्ष हाताशी ठेवायचं ते डीबीटीचं २०१७चं मार्गदर्शन, रीकॉम्बिनंट (तुकडे जोडून बनवलेल्या) डीएनएचं संशोधन आणि बायोकंटेनमेंट, म्हणजे जीव बंदिस्त ठेवणं, यांविषयीचं. त्याची छापील प्रत घ्या, समासात टिपणं करा. जीवांची जोखीम-गटांत विभागणी आणि प्रयोगांचे वर्ग तिथे दिलेले आहेत, आणि तुमचे निम्मे वाद त्या पानांवरच मिटतील.

पायरी २: फॉर्म हातात घेण्याआधी बेंचवर जाऊन उभे राहा

माझ्या मते या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

फॉर्मवर 'प्रथिन शुद्धीकरण' एवढंच लिहिलेलं असतं. बेंचवर गेल्यावर कळतं, की कल्चर दोन लिटरचं आहे, पेशी सॉनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने, फोडतात आणि सॉनिकेटर उघड्या टेबलावर ठेवलाय. सॉनिकेशन, व्हॉर्टेक्स, सेंट्रिफ्यूजमध्ये फुटलेली ट्यूब, पिपेटमधून जोरात सोडलेला शेवटचा थेंब, या सगळ्यांतून हवेत सूक्ष्म तुषार उडतात. लॅबमधल्या संसर्गांचा मोठा धोका या तुषारांतून असतो, आणि फॉर्मवर त्यांच्यासाठी बहुधा रकानाच नसतो.

म्हणून विचारा: किती मिलिलिटर? कुठल्या उपकरणावर? सुई कुठे लागते? काचेचा पाश्चर पिपेट वापरता का? रात्री एकटं कोण काम करतं? आणि त्याच खोलीत, त्याच हूडमध्ये (हवा खेळवणाऱ्या कामाच्या पेटीत) आणखी कोण काय करतं? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. सप्टेंबर २००३मध्ये सिंगापूरमध्ये एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला सार्सची लागण झाली. तो काम करत होता वेस्ट नाईल विषाणूवर. त्याच लॅबमध्ये सार्सवरही काम चालू होतं आणि त्याच्या नमुन्यात सार्सचा विषाणू मिसळला होता. त्याचा स्वतःचा फॉर्म कितीही काटेकोर भरलेला असता, तरी त्या कागदावर हा धोका दिसला नसता.

पुढच्या वर्षी बीजिंगमध्ये काहीसं असंच झालं. सार्सचा विषाणू निष्क्रिय झालाय असं धरून तो साध्या लॅबमध्ये आणला होता, प्रत्यक्षात तो पुरता निष्क्रिय झालेला नव्हता. म्हणून 'इनॅक्टिव्हेटेड' हा शब्द दिसला की माझा प्रश्न ठरलेला असतो: ते तपासलं कसं, आणि त्याची नोंद कुठे आहे?

बेंचवर जाताना वही न्या, कॅमेरा नको. फोटो काढायला लागलात की समोरची मुलं जपून बोलतात. पहिल्या भेटीत चुका दाखवू नका, प्रयोग समजून घ्या. "हे मला करून दाखवाल?" असं विचारलं, की बहुतेक संशोधक मनापासून दाखवतात.

पायरी ३: वर्ग ठरवणं, एका उदाहरणासह

जीव एक ते चार जोखीम-गटांपैकी कुठल्या गटात येतो ते आधी पाहा. मग प्रयोगाचा वर्ग ठरवा. पहिल्या वर्गातल्या साध्या क्लोनिंगची माहिती आयबीएससीला द्यावी लागते. दुसऱ्या वर्गातलं काम सुरू करण्याआधी आयबीएससीची संमती घ्यावी लागते. तिसऱ्या आणि त्यापुढच्या वर्गाला आयबीएससीनंतर आरसीजीएमचीही मंजुरी लागते. जोखीम-गट जीवाचा असतो आणि बीएसएल, म्हणजे जैवसुरक्षेची पातळी, जागेची. एक दुसऱ्यावरून आपोआप ठरत नाही. बीएसएल-४ पातळीची देशातली पहिली प्रयोगशाळा पुण्यात एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत आहे, आणि आपल्याकडे लोक कौतुकाने तिची आठवण काढतात. तुमचा बहुतेक वेळ मात्र बीएसएल-२च्या खोल्यांत जाईल. तिथली बेफिकिरी मला जास्त काळजीत टाकते, कारण तिथे माणसं सवयीने काम करतात.

लेन्टिव्हायरसचं उदाहरण घ्या: एचआयव्हीपासून बनवलेला, पेशीत जनुक पोहोचवायला वापरतात तो बदललेला विषाणू. जवळजवळ प्रत्येक पेशीजीवशास्त्राच्या लॅबमध्ये तो असतो. पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख संशोधक, म्हणतात, "अहो, हा वाढू शकत नाही, थर्ड जनरेशन आहे." बरोबर आहे. तिसऱ्या पिढीत विषाणूचे भाग चार वेगवेगळ्या प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या वर्तुळांवर) विभागलेले असतात आणि तो पुन्हा वाढण्याची शक्यता फार कमी असते. पण तो पेशीत शिरू शकतो, आणि शिरल्यावर आपलं जनुक त्या पेशीच्या डीएनएत कायमचं बसवतो. वरचं आवरण व्हीएसव्ही-जी या दुसऱ्या विषाणूच्या प्रथिनाचं असेल तर माणसाच्या जवळजवळ कुठल्याही पेशीत शिरू शकतो. मग खरा प्रश्न उरतो आत कुठलं जनुक घातलंय याचा. जीएफपीसारखं चमकणारं प्रथिन असेल तर एक गोष्ट. कर्करोगाला चालना देणारं जनुक असेल, किंवा ट्यूमर रोखणारं जनुक बंद पाडणारं क्रिस्पर, म्हणजे जनुक-संपादनाचं साधन, असेल, तर सुई टोचण्याचा अर्थच बदलतो. व्हायरस अल्ट्रासेंट्रिफ्यूजने घट्ट करणार आहेत का, तेही विचारा. हे सगळं टिपणात लिहून समितीपुढे ठेवा. वर्ग ठरवणं समितीचं काम. समितीला ठरवता येईल इतकी पूर्ण माहिती पोहोचवणं तुमचं.

वनस्पतींवर काम करणाऱ्यांचा एक गैरसमज अलीकडे वारंवार दिसतो: जीनोम-संपादित रोपाला आता कुठलीच परवानगी लागत नाही. ३० मार्च २०२२च्या आदेशाने एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या, म्हणजे बाहेरचं जनुक न घालता स्वतःच्याच डीएनएत छोटा बदल केलेल्या, जीनोम-संपादित वनस्पतींना १९८९च्या नियमांतल्या ७ ते ११ या नियमांतून सूट मिळाली. मे २०२५मध्ये जाहीर झालेल्या भाताच्या दोन जाती, डीआरआर धान १०० कमला आणि पुसा डीएसटी राइस १, याच वाटेने आल्या. पण बाहेरचा डीएनए रोपात उरलेला नाही हे दाखवल्याशिवाय ती सूट लागू होत नाही. तोवर रोप बंदिस्त जागेतच वाढवायचं आणि आयबीएससीकडे नोंद ठेवायची.

पायरी ४: अर्ज आणि मिटिंग

जनुकीय बदलांचं काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत आयबीएससी असावीच लागते, आणि तिची नोंद डीबीटीच्या आयबीकेपी या जैवसुरक्षेच्या पोर्टलवर असते. अध्यक्ष, सदस्य-सचिव, डीबीटीचे प्रतिनिधी, वैद्यकीय पात्रता असलेले जैवसुरक्षा अधिकारी, संस्थेतले तज्ज्ञ आणि बाहेरचे तज्ज्ञ अशी तिची रचना. मुदत तीन वर्षांची. ती कधी संपते हे कॅलेंडरमध्ये आधीच लिहून ठेवा, कारण मुदत संपलेल्या समितीची मंजुरी दाखवायची वेळ आली तर काय बोलावं ते सुचत नाही. वर्षाला किमान दोन मिटिंगा व्हायला हव्यात. मी नेहमी चार घ्यायला सुचवते. दोनच असल्या की संशोधक वाट पाहत नाहीत, काम सुरू करतात.

अर्ज संशोधकाकडूनच लिहून घ्या. तुम्ही लिहून दिलात तर तो सुंदर होईल, पण त्यातलं त्याला काही आठवणार नाही. तुम्ही फक्त तीन जागा तपासा: जोखमीचं वर्णन त्याच प्रयोगाचं आहे का, की मागच्या अर्जातून उचललंय, कचऱ्याच्या रकान्यात 'ऑटोक्लेव्ह करू' (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करू) यापलीकडे काही लिहिलंय का, आणि अपघात झाला तर कुणाला फोन करायचा, त्या माणसाला ते माहीत आहे का.

ज्यांचा प्रस्ताव चर्चेत आहे ते सदस्य निर्णयाच्या वेळी बाहेर बसतात, हे मिनिट्समध्ये स्पष्ट लिहा. 'मंजूर' एवढ्यावर थांबू नका. अटी लिहा, प्रत्येक अटीपुढे तारीख आणि नाव लिहा. अटीसह मिळालेली मंजुरी सहा महिन्यांनी कुणी तपासली नाही, तर ती अट फक्त फाईलमध्ये राहते.

पायरी ५: लॅमिनार, ऑटोक्लेव्ह आणि मावशी

लॅबमध्ये हवा खेळवणाऱ्या प्रत्येक पेटीला 'लॅमिनार' म्हणायची सवय आहे, आणि ती धोकादायक आहे. आडव्या प्रवाहाचा लॅमिनार फ्लो नमुन्याचं रक्षण करतो आणि नमुन्यावरून आलेली हवा थेट तुमच्या तोंडावर सोडतो. माध्यम ओतायला तो चालेल. माणसाच्या पेशी, रक्त, विषाणू यांच्यासाठी क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेटच हवं. तिथे हवा समोरून आत ओढली जाते आणि सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून गाळून बाहेर पडते. दोन्ही पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून मी दारावर मोठ्या मराठी अक्षरांत पाटी लावायला सांगते. कॅबिनेटची तपासणी वर्षातून एकदा आणि जागा बदलली की लगेच. आत स्पिरिट लॅम्प नको. त्याच्या उष्णतेने हवेचा पडदा मोडतो आणि आगीचा धोका वेगळाच. ही सवय मोडायला वेळ लागतो, कारण प्रत्येकाला बी.एस्सी.पासून ज्योतीजवळ काम करायला शिकवलेलं असतं. रागावू नका, ज्योत नसतानाची आणि असतानाची धुराची चाचणी त्यांच्यासमोर करून दाखवा.

ऑटोक्लेव्हचं तसंच. माध्यमासाठी १२१ अंशांना १५-२० मिनिटं पुरतात, कचऱ्याला पुरत नाहीत. भरलेल्या पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ पोहोचायला वेळ लागतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत साध्या ग्रॅव्हिटी ऑटोक्लेव्हसाठी १२१ अंश आणि १५ पौंड दाबाला किमान ६० मिनिटं सांगितली आहेत. पिशवीचं तोंड गच्च बांधू नका, आत थोडं पाणी घाला. पिशवीवरच्या टेपचे पट्टे काळे पडले म्हणजे काम झालं असं नाही. टेप फक्त बाहेरची उष्णता सांगते. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जिवाणूच्या बीजाणूंची कुपी पिशवीच्या पोटात ठेवून ठरावीक काळाने चाचणी घ्या. ब्लीच घातलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीनची वाफ निघते.

त्याच नियमांप्रमाणे प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीवांचा कचरा जागेवरच निर्जंतुक करून मगच बाहेर द्यायचा असतो. पिवळी, लाल, निळी आणि धारदार वस्तूंसाठी पांढरा न टोचणारा डबा, ही विभागणी सगळ्यांना पाठ असते. पण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत परवानगी, पिशव्यांवरचे बारकोड आणि ३० जूनपर्यंत भरायचा वार्षिक अहवाल ऐनवेळी आठवतो. हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला मिळायला हवी, कंत्राटी असोत वा कायम.

कचरा उचलतात त्या मावशी. प्रशिक्षणाला त्यांना बोलवा, आणि प्रशिक्षण मराठीत घ्या. मी त्यांना विचारते, "मावशी, पिशवीत कधी सुई लागली का हाताला?" एकदा एका संस्थेत एका मावशींनी शांतपणे दोन बोटं दाखवली. अपघात-वहीत एकही नोंद नव्हती. कुठल्या लॅबची पिशवी फाटते, कुठे पिवळ्या पिशवीत पिपेटच्या टिप कोंबलेल्या असतात, हे त्यांना नक्की माहीत असतं.

जंतुनाशकाच्या बाटलीवरची तारीखही बघा. २०१९मध्ये चीनमधल्या लांझौ शहरात ब्रुसेला या रोगजंतूवरची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. बाहेर पडणाऱ्या हवेतले जंतू मेले नाहीत आणि दहा हजारांहून अधिक लोकांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. हायपोक्लोराइटचं द्रावण रोज ताजं करा, बाटलीवर तारीख घाला.

पायरी ६: पार्सल

जनुकीय बदल केलेलं काही परदेशातून येत असेल, तर ऑर्डरच्या आधी आयबीएससी. २०२०पासून पहिल्या दोन जोखीम-गटांतल्या अशा साहित्याची संशोधनासाठीची आयात आयबीएससीच्या पातळीवर मार्गी लागते. त्यावरच्या गटांसाठी आरसीजीएमकडे जावं लागतं. संस्थेच्या खरेदी विभागाशी मैत्री करा. परचेसच्या फॉर्मवर 'जिवंत पेशी, जीव किंवा डीएनए आहे का' अशी एक ओळ टाकून घेतली, तर शुक्रवारचे फोन निम्मे होतात.

पाठवताना तीन थरांचं पॅकिंग: न गळणारी नळी, तिच्याभोवती शोषून घेणारं साहित्य आणि दुसरा डबा, बाहेर कडक खोकं. खोक्यावर यूएनचा, म्हणजे धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक: रोगनिदानाचे साधे नमुने यूएन ३३७३, माणसाला गंभीर आजार करणारे यूएन २८१४, जनुकीय बदल केलेले पण संसर्गजन्य नसलेले यूएन ३२४५, ड्राय आइस यूएन १८४५. ड्राय आइसचं खोकं हवाबंद करू नका, वायूच्या दाबाने ते फुटू शकतं.

बाहेर पाठवताना आणखी दोन दारं. जैवविविधता कायदा २००२चा आहे, २०२३मध्ये त्यात दुरुस्ती झाली. सह्याद्रीतल्या मातीतून वेगळा केलेला जिवाणू परदेशी सहकाऱ्याला पाठवायचा किंवा त्यावर पेटंट घ्यायचं, तर चेन्नईतलं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण वाटेत आहे. दुसरं स्कोमेट, म्हणजे दुहेरी वापराच्या वस्तूंची निर्यात-यादी. एरंडाच्या बियांमधलं रायसिन या यादीत आहे, हे ऐकून विदर्भातले एक प्राध्यापक चकित झाले होते. निर्यातीत ईमेलने पाठवलेलं तंत्रज्ञानही येतं.

पायरी ७: बाकीच्या समित्या

प्राणी असतील तर आयएईसी, म्हणजे संस्थेची प्राणी-प्रयोग नैतिकता समिती, आणि कुत्रा किंवा माकड यांसारखे मोठे प्राणी असतील तर तिच्या वरची केंद्राची समिती, सीसीएसईए. किरणोत्सारी फॉस्फरस-३२ असेल तर एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) आणि नेमलेला आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी. माणसाचे नमुने असतील तर एथिक्स समिती, आणि परदेशी सहकार्य असेल तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून जाणारी आरोग्य मंत्रालयाची तपासणी. लॅबमधल्याच विद्यार्थ्याचं रक्त 'कंट्रोल' म्हणून काढतात, तेही मानवी नमुनाच आहे. त्याला नाही म्हणायची मोकळीक आहे का, हे त्याच्या गाइडसमोर विचारू नका, एकट्याला विचारा.

या समित्यांची मंजुरी एकमेकींना पूरक असते, एकीची दुसरीला चालत नाही. पण अर्ज एकाच वेळी पाठवता येतात. तसं केलं तर संशोधकाचे दोन-तीन महिने वाचतात, आणि तो पुढच्या वेळी आपणहून येतो.

पायरी ८: सुई टोचली तर

हे आधी लिहून भिंतीवर लावा: जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, पिळू नका, काम थांबवा, हा नंबर लावा. मानवी रक्त किंवा लेन्टिव्हायरस असेल तर डॉक्टरकडे तासाभरात पोहोचायला हवं. एचआयव्हीविरोधी औषधं जितकी लवकर, तितका उपयोग, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही. रात्री अकराला कुठल्या रुग्णालयात ती मिळतात, हे स्वतः जाऊन पाहून या. प्रयोगात कुठलं जनुक होतं याचं एक पानी टिपण डॉक्टरांसाठी तयार असू द्या, त्या वेळी घाबरलेल्या मुलाला ते सांगता येत नाही.

आणि पहिल्या चौकशीत 'चूक कुणाची' हा प्रश्न विचारू नका. एकदा विचारलात तर पुढची सुई तुम्हाला कळणार नाही.

पायरी ९: या कामात शिरताना

बेंचवर काही वर्षं काम केलेलं असणं ही खरी पात्रता. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा जैवसुरक्षा पुस्तिकेची २०२०ची चौथी आवृत्ती वाचा, आयएसओ ३५००१ हे जैवजोखीम व्यवस्थापनाचं २०१९चं मानक समजून घ्या, आणि पुढे आयएफबीए या जैवसुरक्षा संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं व्यावसायिक प्रमाणपत्र घेता आलं तर घ्या. कायद्याची पदवी लागत नाही. कायदा मूळ भाषेत वाचायची सवय मात्र लागते, कारण सारांशांत चुका असतात.

पहिल्या तीन महिन्यांत कुठलाही नवा फॉर्म काढू नका. आठवड्याला दोन लॅब फिरा, प्रत्येक पीआयबरोबर चहा घ्या, मुदती आणि परवाने एका तक्त्यात आणा. मग उणे ऐंशीचे फ्रीझर उघडा. प्रत्येक संस्थेत असा एक खण असतो, जिथे नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या विद्यार्थ्याच्या अक्षरातले, नुसतं 'क्लोन ४ बी' लिहिलेले डबे असतात. ते कुणाचे, त्यात काय, कुणाला माहीत नसतं. पीआयना शेजारी बसवून एकेक डबा बघा, ज्याची ओळख पटत नाही तो समितीला कळवून ऑटोक्लेव्ह करा. आणि संस्थेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या नो-ड्यूजवर लायब्ररी आणि हॉस्टेलच्या सह्यांसोबत फ्रीझरची यादी दिल्याचीही एक सही वाढवून घ्या.